विश्लेषण : पाचगणीच्या वसतिगृहातला फारोख ‘फ्रेडी मर्क्युरी’ कसा झाला?

दोनदा पाय आपटायचे, एकदा टाळी वाजवायची. शाळेच्या क्रीडा महोत्सवापासून क्रिकेटच्या मोठ्या सामन्यापर्यंत हा ठेका आपण सगळ्यांनी ऐकलेला आहे. शब्द कळोत न कळोत, पाय आपोआप हलतात. हा ठेका १९७७ साली लंडनमध्ये ‘क्वीन’ नावाच्या बँडने ध्वनिमुद्रित केला. त्या बँडचा मुख्य गायक फ्रेडी मर्क्युरी. ब्रिटनने जगाला दिलेल्या सर्वात मोठ्या पॉप आणि रॉक गायकांत त्याचे नाव घेतले जाते. पण या ब्रिटिश गायकाचे बालपण गेले ते साताऱ्याच्या डोंगरात, पाचगणीच्या एका निवासी शाळेत. धाराशिवहून बार्शी-पंढरपूरमार्गे सातारा गाठले, वाईतून पसरणीचा घाट चढला की हे गाव येते. टेबललँडवर फोटो काढून परतणाऱ्या बहुतेकांना त्याची कल्पना नसते. फ्रेडीनेही ती फारशी कोणाला होऊ दिली नाही. त्याने हे का लपवले, आणखी काय काय लपवले आणि त्याची किंमत काय होती?

मूळ नाव काय?

फारोख बुलसारा. जन्म ५ सप्टेंबर १९४६, आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळच्या झांझिबार बेटावर. कुटुंब पारशी, मूळचे गुजरातचे. बुलसारा हे आडनाव ज्या गावावरून पडले ते बलसार, म्हणजे आजचे वलसाड. (नाव बदललेल्या गावाची गोष्ट धाराशिवकरांना वेगळी समजावून सांगायला नको.) वडील बोमी हे झांझिबारच्या उच्च न्यायालयात रोखपाल होते. तेव्हा तिथे सुलतानाची गादी होती आणि प्रत्यक्ष कारभार इंग्रजांच्या हाती होता. आईचे नाव जेर. धाकटी बहीण काश्मिरा १९५२ मध्ये जन्मली. सरकारी नोकरी, घरात नोकरचाकर, समुद्रकाठचे गाव. एकूण खाऊनपिऊन सुखी घर.

आई-वडिलांनी मुलाला चांगल्या इंग्रजी शिक्षणासाठी भारतात पाठवायचे ठरवले. आफ्रिकेतल्या भारतीय कुटुंबांत तेव्हा हे नवे नव्हते. आठ वर्षांचा फारोख समुद्र ओलांडून मुंबईला आला आणि तिथून पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत दाखल झाला. साल १९५५. तेव्हा महाराष्ट्र राज्य अस्तित्वात नव्हते आणि आपला जिल्हा हैदराबाद राज्यात होता. १ मे १९६० रोजी महाराष्ट्राची स्थापना झाली, तेव्हा हा मुलगा पाचगणीतच शिकत होता.

पाचगणीत त्याला काय मिळाले?

आठ वर्षांचे मूल आई-वडिलांपासून हजारो किलोमीटर दूर ठेवणे म्हणजे काय, हे आपल्या भागात पुष्कळ घरांना ठाऊक आहे. ऊसतोडीच्या हंगामात आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहणारी मुले, नवोदयला निवड झाली म्हणून ट्रंक घेऊन निघालेली सहावीतली मुले, बारावीसाठी लातूरला खोली करून राहणारी मुले. फरक इतकाच, की फारोखला दिवाळीच्या सुट्टीत एसटी पकडून घरी जाता येत नव्हते. सुट्ट्या बहुधा मुंबईच्या नातेवाइकांकडे जात. घरची भेट क्वचित, बाकी पत्रांवर भागवायचे.

मुलगा लाजरा होता. त्यात दातांचा प्रश्न. त्याच्या वरच्या जबड्यात चार दात जास्तीचे होते, त्यामुळे पुढचे दात बाहेर आलेले. मुलांनी त्यावरून टोपणनाव ठेवले नसते तरच नवल. पुढे पैसा आल्यावरही त्याने ते दात काढले नाहीत. जबड्याची ठेवण बदलली तर आवाज बदलेल, ही भीती होती. पण लोकांसमोर हसताना ओठ दातांवर ओढून घ्यायची सवय मात्र शेवटपर्यंत राहिली.

शाळेत तो टेबल टेनिस उत्तम खेळे, मुष्टियुद्ध करी, चित्रे काढी, नाटकात काम करी. बाराव्या वर्षी त्याला अष्टपैलू विद्यार्थ्याचे बक्षीस मिळाले. पण शिक्षकांच्या लक्षात आले ते त्याचे कान. रेडिओवर एकदा ऐकलेले गाणे तो पियानोवर जसेच्या तसे वाजवून दाखवत असे. आई-वडिलांनी जादा फी भरून त्याला रीतसर पियानो शिकवला आणि त्याने चौथ्या श्रेणीपर्यंतच्या परीक्षा दिल्या. त्याचे एवढेच औपचारिक संगीतशिक्षण पुढे आयुष्यभर पुरले.

१९५८ मध्ये पाच मित्रांनी शाळेत ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड यांची गाणी शाळेच्या कार्यक्रमांत वाजवायची, एवढाच त्याचा पसारा. (क्लिफ रिचर्डचा जन्मही भारतातला, लखनौचा.) गंमत म्हणजे या बँडचा मुख्य गायक फारोख नव्हता. तो मागे पियानोवर असायचा. त्या पाचांपैकी डेरिक ब्रँच पुढे ब्रिटनमध्ये अभिनेता झाला, तर व्हिक्टरी राणा नेपाळी सैन्यात जनरल झाला आणि सायप्रसमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचा प्रमुख म्हणून गेला.

‘फ्रेडी’ हे नावही पाचगणीचेच. फारोख उच्चारायला अवघड म्हणून शाळेत त्याला फ्रेडी म्हणू लागले आणि नंतर घरच्यांनीही ते स्वीकारले. म्हणजे ज्या नावाने जग त्याला ओळखते, त्यातला अर्धा भाग सातारा जिल्ह्यात ठेवला गेला. अभ्यासात मात्र शेवटी घसरण झाली आणि १९६३ च्या सुमारास तो झांझिबारला परतला.

मग लंडनला का गेला?

जावे लागले. जानेवारी १९६४ मध्ये झांझिबारमध्ये क्रांती झाली, सुलतानाची सत्ता उलथली. अरब आणि भारतीय वंशाचे हजारो लोक मारले गेले. बुलसारा कुटुंब हातात मावेल तेवढे सामान घेऊन निघाले आणि इंग्लंडमध्ये, हीथ्रो विमानतळाजवळच्या फेल्टम उपनगरात छोट्या घरात राहू लागले. नोकरचाकरांच्या घरातून थेट निर्वासिताच्या जिण्यात. फ्रेडी तेव्हा १७ वर्षांचा होता.

त्याने ईलिंगच्या कला महाविद्यालयातून १९६९ मध्ये ग्राफिक डिझाइनची पदविका घेतली. मधल्या काळात विमानतळावर सामान उचलायचे काम केले, केन्सिंग्टनच्या बाजारात जुने कपडे विकले. दोन-तीन बँडमध्ये गाऊन पाहिले, टिकला कुठेच नाही. १९७० मध्ये गिटारवादक ब्रायन मे आणि ड्रमवादक रॉजर टेलर यांच्या बँडमधला गायक सोडून गेला आणि त्याची जागा फ्रेडीने घेतली. बँडला ‘क्वीन’ हे नाव त्यानेच दिले. बोधचिन्हही त्यानेच काढले. त्यात चौघांच्या राशी आहेत : दोन सिंह, एक खेकडा, स्वतःच्या कन्या राशीसाठी दोन पऱ्या आणि या सगळ्यांवर पंख पसरलेला फिनिक्स. १९७१ मध्ये बास गिटारवादक जॉन डीकन आल्यावर चौकडी पूर्ण झाली. ती फ्रेडीच्या मृत्यूपर्यंत बदलली नाही, आणि रॉक बँडच्या जगात हे दुर्मीळच.

याच सुमारास बुलसारा गेले आणि ‘मर्क्युरी’ आले.

आडनाव का टाकले?

रंगमंचासाठी नाव बदलणे हा कलाक्षेत्रातला जुना रिवाज आहे. आपल्याकडचा युसुफ खान दिलीपकुमार झाला, महजबीन बानो मीनाकुमारी झाली. पण १९७० च्या ब्रिटनची हवाही पाहायला हवी. १९६८ मध्ये खासदार इनॉक पॉवेल यांनी स्थलांतरितांविरुद्ध केलेल्या भाषणाने देश ढवळून निघाला होता. त्याच वर्षी पूर्व आफ्रिकेतून येणाऱ्या भारतीयांना रोखण्यासाठी घाईघाईने कायदा झाला. रस्त्यात आशियाई मुलांना गाठून मारण्याचे प्रकार वाढले होते. अशा वेळी बुलसारा नावाचा तरुण रॉक गायक म्हणून उभा राहिला असता, तर त्याच्या आवाजाआधी त्याच्या वंशाची चर्चा झाली असती. मुलाखतींत तो बालपणाबद्दल फारसे बोलत नसे, विषय हसण्यावारी नेत असे. गोरा वर्ण आणि शाळेत घटवलेले इंग्रजी यांमुळे कोणी फार खोलात शिरतही नसे.

त्याने समाजाशी अप्रामाणिकपणा केला, असे काही जण आजही म्हणतात. ते पटत नाही. फेल्टमला आई-वडिलांकडे तो जात राहिला, आईच्या हातचे खात राहिला. घर त्याने सोडले नव्हते, फक्त घराच्या दारावरची पाटी बाहेर कोणाला दाखवली नाही.

‘बोहेमियन ऱ्हॅप्सोडी’ इतके गाजले कशामुळे?

१९७३ मध्ये पहिला अल्बम आला, १९७४ मध्ये ‘किलर क्वीन’ ब्रिटनच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेले. पण खरी क्रांती १९७५ ची. रेडिओवर तीन मिनिटांची गाणी वाजण्याच्या काळात फ्रेडीने ५ मिनिटे ५५ सेकंदांचे गाणे लिहिले. त्याला मुखडा-अंतरा असा साचाच नाही. सुरुवातीला विना वाद्यांचा वृंद, मग पियानोवरचे संथ गाणे, मग गिटार, मग अचानक ऑपेरा, मग कडक रॉक आणि शेवटी पुन्हा शांत. आपल्याकडे एखाद्याने नाट्यपद, भारूड आणि लावणी एकाच गाण्यात बसवून दाखवावी, असाच तो प्रकार.

ऑपेराच्या भागात शंभर गायक आहेत असे वाटते. प्रत्यक्षात आवाज तीनच : फ्रेडी, मे आणि टेलर. त्यांनी पुन्हा पुन्हा गाऊन टेपवर आवाजांचे थर चढवले. तेव्हा संगणक नव्हता. २४ ट्रॅकची टेप भरली की तिच्यातले आवाज एकत्र करून जागा मोकळी करायची आणि पुढचे गायचे. टेप इतक्या वेळा फिरली की तिच्यावरचा थर उडून ती पारदर्शक दिसू लागली होती. रेकॉर्ड कंपनीला गाणे लांब वाटले. पण फ्रेडीचा मित्र असलेल्या केनी एव्हरेट या रेडिओ निवेदकाने ते शनिवार-रविवारच्या दोन दिवसांत १४ वेळा वाजवले आणि सोमवारी लोक दुकानात जाऊन ते मागू लागले. गाणे नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर होते.

मैदान हलवणारा गायक

१९७७ मध्ये स्टॅफर्डच्या एका कार्यक्रमानंतर प्रेक्षकांनी उठून न जाता स्वतःच गाणे म्हणायला सुरुवात केली. ते पाहून मे आणि फ्रेडी दोघांनी ठरवले, की आता प्रेक्षकांनी गायची गाणी लिहायची. मे यांनी ‘वुई विल रॉक यू’ लिहिले, फ्रेडीने ‘वुई आर द चॅम्पियन्स’. पहिल्यात ड्रमच नाहीत. लाकडी फळ्यांवर पाय आपटून आणि टाळ्या वाजवून तो ठेका तयार केला. सुरुवातीला सांगितलेला ठेका तो हाच.

तुळजापुरात गोंधळी एक ओळ टाकतो आणि शेकडो लोक उदोकार उचलतात, तेव्हा मध्ये माइक असो-नसो, फरक पडत नाही. फ्रेडीकडे हीच विद्या होती. १३ जुलै १९८५ रोजी लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर ‘लाइव्ह एड’ कार्यक्रम झाला. इथिओपियातल्या दुष्काळासाठी निधी उभा करायचा होता (१९७२ पाहिलेल्या मराठवाड्याला ‘दुष्काळ’ या शब्दाचा अर्थ सांगायला नको). प्रत्येक कलाकाराला साधारण २० मिनिटे. क्वीन तेव्हा उतरणीला लागल्याची चर्चा होती. दिवसाढवळ्या, रोषणाईचा आधार नसताना, पांढरा बनियन घातलेला फ्रेडी पळत आला आणि पियानोवर बसला. मध्येच त्याने नुसत्या आलापाची तान घेतली आणि मैदानाकडे हात केला. ७२ हजार लोकांनी ती परत दिली. त्याने आणखी अवघड घेतली, तीही परत आली. रॉकच्या इतिहासातला सर्वोत्तम कार्यक्रम कोणता, या प्रश्नावर आजही बहुतेक जाणकार याच २१ मिनिटांकडे बोट दाखवतात.

त्याच्या आदल्याच वर्षी, ऑक्टोबर १९८४ मध्ये, केलेली चूक मात्र लपवण्यासारखी नाही. वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेवर जगभरातल्या कलाकारांचा बहिष्कार असताना क्वीनने तिथल्या सन सिटीत कार्यक्रम केले. आपण राजकारण करत नाही, अशी बँडची भूमिका होती. संयुक्त राष्ट्रांच्या काळ्या यादीत नाव गेले, ब्रिटनच्या संगीतकार संघटनेने दंड केला. आफ्रिकेत जन्मलेल्या, वंशामुळे स्वतःचे मूळ झाकून वावरलेल्या माणसाने तिथे जावे, ही त्याच्या आयुष्यातली सर्वात न पटणारी गोष्ट.

दुसरे गुपित कोणते?

सत्तरच्या दशकात मेरी ऑस्टिन ही त्याची जोडीदार होती. १९७६ च्या सुमारास ते नाते प्रेमाचे राहिले नाही, पण मैत्रीचे शेवटपर्यंत राहिले. फ्रेडीला पुरुषांचे आकर्षण होते. १९८५ पासून जिम हटन त्याच्यासोबत राहिला आणि मृत्यूसमयीही तोच जवळ होता. फ्रेडीने याविषयी जाहीर वाच्यता केली नाही. समलिंगी संबंध इंग्लंडमध्ये १९६७ पासून गुन्हा नव्हते, पण लोकांच्या नजरा कायद्याने बदलत नाहीत. (आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ चा तो भाग रद्द केला सप्टेंबर २०१८ मध्ये. त्यानंतर दोनच महिन्यांत फ्रेडीवरचा ‘बोहेमियन ऱ्हॅप्सोडी’ हा चित्रपट आला.)

१९८७ मध्ये त्याला एड्स असल्याचे निदान झाले. त्या काळात हे निदान म्हणजे मृत्यूची तारीख ठरल्यासारखेच होते. एझेडटी नावाचे एकच औषध नुकतेच आले होते. अनेक औषधे एकत्र देण्याची आजची प्रभावी पद्धत यायला १९९६ उजाडले. फ्रेडीने आजार बँडच्या सहकाऱ्यांनाही काही काळ सांगितला नाही. बाहेर पत्रकार आणि छायाचित्रकार घरावर पाळत ठेवून होते, खंगलेल्या चेहऱ्याचे फोटो छापत होते. तो नकार देत राहिला आणि गात राहिला. स्पेनची ऑपेरा गायिका मोन्सेरात काबाये हिच्यासोबतचे ‘बार्सिलोना’ याच काळातले. ‘द शो मस्ट गो ऑन’ गाताना त्याला उभे राहणेही जड जात होते, तरी तो ते एका दमात गायला, असे सहकारी सांगतात. मे १९९१ मध्ये तो कॅमेऱ्यापुढे अखेरचा उभा राहिला. त्याच सुमारास स्वित्झर्लंडच्या माँत्रू गावातल्या स्टुडिओत अखेरचे गाणे ध्वनिमुद्रित केले. शेवटचे कडवे राहून गेले. ते नंतर ब्रायन मे यांनी गायले.

२३ नोव्हेंबर १९९१ रोजी त्याने निवेदन काढून आजार जाहीर केला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लंडनच्या राहत्या घरी तो गेला. वय ४५.

जाहीर करायला इतका उशीर का, यावर तेव्हाही टीका झाली. आधी बोलला असता तर इतर रुग्णांना बळ मिळाले असते, हे म्हणणे चुकीचे नाही. पण आजाराची माहिती ही रुग्णाची असते. भारतात २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने रुग्णाच्या संमतीशिवाय ती उघड करायला मनाई केली आहे, भेदभावालाही मनाई आहे. औषधे सरकारी एआरटी केंद्रांत मोफत मिळतात आणि नियमित घेणारा माणूस दीर्घकाळ काम करत जगतो. फ्रेडीला यातले काहीच मिळाले नाही. त्याच्या पश्चात १९९२ च्या एप्रिलमध्ये वेम्ब्लीवर मोठा कार्यक्रम झाला आणि त्यातून एड्सविरोधी कामासाठी ‘मर्क्युरी फिनिक्स ट्रस्ट’ उभा राहिला. योगायोग म्हणजे ज्या पाचगणीत तो वाढला, तिथेच डॉ. बिलिमोरिया या पारशी डॉक्टरांनी १९१२ मध्ये क्षयरोग्यांसाठी सुरू केलेले बेल-एअर रुग्णालय पुढे एचआयव्हीबाधितांच्या उपचारांसाठी ओळखले जाऊ लागले.

आज तो कुठे सापडतो?

माँत्रूच्या तळ्याकाठी मूठ उंचावलेला त्याचा पुतळा आहे. झांझिबारमध्ये २००६ साली त्याच्या साठाव्या जन्मदिनाचा सोहळा स्थानिक धार्मिक संघटनेच्या विरोधामुळे रद्द करावा लागला होता. आता त्याच बेटावर त्याच्या नावाचे संग्रहालय आहे. २०२३ मध्ये लंडनला त्याच्या घरातल्या वस्तूंचा लिलाव झाला. ज्या पियानोवर ‘बोहेमियन ऱ्हॅप्सोडी’ रचले, तो १७ लाख पौंडांहून अधिक किमतीला गेला.

फेल्टमच्या घरावर २०१६ मध्ये निळी स्मृतिपाटी लागली. तिच्यावर फ्रेडी मर्क्युरी या नावाखाली कंसात फ्रेड बुलसारा असेही लिहिले आहे.

अंत्यसंस्कार २७ नोव्हेंबर १९९१ रोजी लंडनमध्ये पारशी धर्मगुरूंनी प्रार्थना म्हणून केले. दहनानंतरच्या अस्थी त्याच्या इच्छेनुसार मेरी ऑस्टिनकडे गेल्या आणि त्या कुठे ठेवल्या हे तिने कोणालाही सांगितले नाही. २०१३ मध्ये लंडनच्या केन्सल ग्रीन स्मशानभूमीत एक छोटा फलक लोकांच्या नजरेस पडला. त्यावर नाव होते फारोख बुलसारा. गर्दी होऊ लागली आणि काही दिवसांतच तो फलक तिथून काढून नेण्यात आला.